गल्लीतला गतिरोधक आम्हीच टाकला होता. तो काढल्यावर त्या जागी काय करावे?

चौथी गल्ली (धागाकर्ता)

आमची वसाहत विश्रामबाग भागात, सांगली–मिरज रस्ता आणि शंभर फुटी रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. गल्ल्या सरळ आणि बऱ्यापैकी रुंद आहेत, दोन्ही बाजूंना जुने बंगले व अलीकडे उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती आहेत, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत संध्याकाळी मुले रस्त्यावरच क्रिकेट खेळत असत. मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवायचा असेल तर आमच्या गल्लीतून आरपार निघता येते, हा शोध एकदा लोकांना लागला आणि क्लासला उशीर झालेली मुले, पार्सल पोचवणारे दुचाकीस्वार, शाळांच्या व्हॅन आणि घाईतल्या मोटारी अशी सगळी वर्दळ आमच्या फाटकासमोरून वाहू लागली. त्यात गेल्या वर्षी रस्त्याचे डांबरीकरण झाले. खड्डे होते तोवर निदान खड्ड्यांची भीती होती, तीही उरली नाही.

दिवाळीच्या आधी एका मुलाला मोटारीचा आरसा निसटता लागला. त्याच आठवड्यात शेजारच्या रस्त्यावर डांबराचे काम चालू होते. आम्ही सात-आठ घरांनी वर्गणी काढली, तिथल्या मुकादमाला गाठले आणि उरलेल्या मालातून आमच्या गल्लीत एक गतिरोधक टाकून घेतला. वर्गणीची वही माझ्याकडेच होती, म्हणून हे कबूल करण्याचे कामही माझेच आहे. कोणाची परवानगी घेतली नव्हती, मापे विचारली नव्हती आणि रंगही मारला नव्हता. मुकादमाने ‘किती उंच पाहिजे?’ असे विचारले, तेव्हा आमच्यापैकी एकाने ‘चांगला दणकट करा’ एवढेच सांगितले.

तीन आठवड्यांनी, पहाटे दूध आणायला निघालेल्या नातवाच्या स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या आमच्याच गल्लीतल्या आजी त्या गतिरोधकावरून खाली पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली असून त्या आता वॉकर धरून चालतात. त्या घरानेही वर्गणी दिली होती, हे येथे लिहिले नाही तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल.

आता हा गतिरोधक अनधिकृत असल्याने काढून टाकावा, अशी सूचना आली आहे. निम्मी गल्ली म्हणते की काढावा आणि निम्मी म्हणते की तो काढला तर पुन्हा पूर्वीसारखी वाहने सुटतील. मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच येथे विचारतो आहे. वाहनांचा वेग खरोखर कमी होईल, कोणी पडणार नाही आणि पावसाचे पाणीही तुंबणार नाही, असे निवासी रस्त्यावर काय करता येते? ज्यांनी काम केले आहे किंवा पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शाळेची घंटा

मी रोज दोन वेळा मुलीला स्कूटरवरून शाळेत नेते-आणते आणि त्या वाटेवर असे घरगुती गतिरोधक मी मोजले असता सात भरले. दोन सारखे नाहीत. एक इतका अरुंद आहे की पुढचे चाक उतरते तेव्हा मागचे चढत असते, आणि दुसऱ्यावर मुलीचे दप्तर दर वेळी माझ्या पाठीवर आपटते. एका ठिकाणी लोकांनी कडेला हातभर फट ठेवली आहे, तेथून सगळ्या दुचाकी रांगेने जातात आणि ती फट बरोबर शाळेच्या फाटकासमोर, जेथे मुले उभी असतात तेथे आहे. वेग कमी करण्यासाठी घातलेल्या वस्तूने दुचाकी थेट मुलांच्या अंगावर आणून सोडल्या, हे कोणाच्याच लक्षात आले नसेल काय?

माझे म्हणणे इतकेच आहे की, गतिरोधक काढावा की ठेवावा या वादाआधी तो मोजावा. आपण तो कधी मोजला आहे का?

निवृत्त उपअभियंता

धागाकर्त्यांनी स्वतःची चूक आधी लिहिली, त्यामुळे पुढचे बोलणे सोपे झाले. माझी बहुतेक नोकरी रस्त्यांच्या कामावर गेली आहे, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

गतिरोधकांची मापे इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ९९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत दिलेली आहेत. ती प्रथम १९८८ मध्ये निघाली आणि २०१८ मध्ये सुधारून वाढवली गेली. तिच्यातील सर्वसाधारण गतिरोधक म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा एक चपटा तुकडा असतो. वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि मध्यभागी केवळ १० सेंटिमीटर उंच. त्यावरून ताशी २५ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने सुखाने जाता यावे आणि त्याहून जोरात गेल्यास त्रास व्हावा, असा त्याचा हिशेब आहे. हे माप आभाळातून पडलेले नाही. ब्रिटनच्या परिवहन व रस्ते संशोधन प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉट्स नावाच्या संशोधकाने वेगवेगळ्या आकारांच्या उंचवट्यांवरून वेगवेगळी वाहने चालवून पाहिली आणि १२ फूट लांब व ४ इंच उंच हा आकार योग्य ठरवला. आपले ३.७ मीटर म्हणजे तेच १२ फूट.

त्या प्रयोगांतली एक गोष्ट आपल्या गल्लीला तंतोतंत लागू पडते. अरुंद आणि उंच उंचवट्यावरून मोटार हळू नेली तर आतल्या माणसाला जोरात हिसका बसतो. पण तीच मोटार वेगाने नेली तर चाक वर उसळते, स्प्रिंग तो धक्का गिळते आणि आत बसलेल्याला कमी जाणवते. म्हणजे सावकाश जाणाऱ्याला शिक्षा आणि सुसाट जाणाऱ्याला सूट. ३.७ मीटरच्या उंचवट्यावर हे साधत नाही, कारण पूर्ण वाहनच वर चढून खाली उतरते आणि वेग जितका जास्त तितका त्रास वाढत जातो. स्कूटरच्या दोन चाकांतले अंतर सव्वा मीटरच्या आसपास असते, त्यामुळे लांब उंचवट्यावर दोन्ही चाके एकाच चढावर असतात आणि मागे बसलेल्याचा तोल जात नाही. आजी पडल्या त्या गतिरोधकाची लांबी मला न पाहताही सांगता येईल. तो दोन-अडीच फुटांहून मोठा नसणार.

दुसरी गोष्ट अंतराची आहे. गल्लीच्या मध्यावर एकच गतिरोधक घातला तर चालक तेवढ्यापुरता ब्रेक दाबतो आणि गेलेला वेळ भरून काढण्यासाठी पुढे अधिक जोरात जातो. म्हणून मार्गदर्शिकेत मालिका सांगितली आहे. एका उंचवट्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १०० ते १२० मीटर. त्याच्या आधी ४० मीटरवर सूचनाफलक हवा आणि उंचवट्यावर रात्री दिसतील असे आडवे पट्टे हवेत. आपल्याकडे पट्टे पहिल्या पावसात जातात, कारण साधा रंग वापरला जातो. काचेचे बारीक मणी मिसळलेला थर्मोप्लास्टिक रंग गरम करून बसवला तर तो दिव्याच्या उजेडात चमकतो आणि टिकतोही.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि सांगलीत तिला पर्याय नाही. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रस्त्यावर आडवा बांध घातला की पाणी अडते, डांबराच्या कडेतून खाली मुरते, आणि वाहने जेथे आपटतात नेमका तेथेच पाया मऊ होतो. गतिरोधकाच्या उताराच्या बाजूला पायाशी जो ठरावीक खड्डा दिसतो, तो असा तयार होतो. पाण्यासाठी कडेला फट ठेवावी, तर शाळेच्या घंटेने लिहिले तसे दुचाकीस्वार त्यातून निघतात. उंचवटा दोन्ही कडांपर्यंत न्यावा आणि गटाराच्या रेषेत त्याच्या पोटातून जाळी लावलेला पन्हळ काढावा, हा त्यावरचा उपाय आहे. खर्च थोडा वाढतो. दर पावसाळ्याआधी जाळी साफ करणारा माणूस मात्र लागतो, आणि अनुभव असा की जाळी बसवायला सगळे पुढे येतात, साफ करायला कोणी येत नाही.

बेदाणा

हे सगळे वाचायला छान आहे, पण आपल्या लोकांना दणका बसल्याशिवाय समजत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा सेंटिमीटरच्या गुळगुळीत उंचवट्याला कोण विचारतो? पोलिसांनी चार दिवस उभे राहून दंड करावा आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या हातात गाडी देणाऱ्या पालकांना धरावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. कायदा असताना रस्ता खोदत बसण्याची गरज काय?

चौथी गल्ली

बेदाणा, तुमचा राग समजतो, कारण दिवाळीच्या आधी मीही हेच बोलत होतो आणि ‘दणकट करा’ हे शब्द माझे नसले तरी मान मीच डोलावली होती. पण दणका बसला तो सुसाट जाणाऱ्याला नव्हे, आजींना. आणि पोलीस चार दिवस उभे राहतील, पाचव्या दिवशी काय?

शाळेच्या घंटेने सांगितल्याप्रमाणे काल गतिरोधक मोजला. दोन्ही बाजूंना रस्त्यावर विटा ठेवून दोरी ताणली आणि नातीची कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी मध्यावर उभी धरली. पट्टी संपली तरी उंचवटा संपला नव्हता. लांबी भरली ७० सेंटिमीटर. उपअभियंता साहेबांचा अंदाज चुकला नाही. त्यांच्या मापाच्या शेजारी आमचे माप ठेवले तर उंची दीडपटीहून जास्त आणि लांबी पाचव्या हिश्शाहूनही कमी. स्कूटरच्या पोटाला आणि मोटारीच्या सायलेन्सरला घासल्याच्या चंदेरी रेघा त्यावर स्पष्ट दिसत होत्या. त्या इतके दिवस आम्हाला डिझाईनसारख्या वाटत होत्या.

मिरजेहून

मी रुग्णवाहिकेवर काम करतो. मिरज दवाखान्यांचे गाव असल्याने आजूबाजूच्या तालुक्यांतून, शिवाय सीमेपलीकडूनही रुग्ण येतात, आणि मुख्य रस्ता अडला असला की आम्हालाही कधी कधी वसाहतींमधून वाट काढावी लागते. मांडीचे हाड मोडलेला माणूस मागे झोपलेला असताना अरुंद गतिरोधक आला, की आम्ही जवळजवळ थांबतो, एक चाक चढवतो, मग दुसरे. तेवढ्यातही रुग्ण ओरडतो. मानेला मार असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर मागे बसलेला सहकारी दोन्ही हातांनी डोके धरून ठेवतो आणि मला ‘आला, आला’ असे सांगत राहतो, कारण रंग नसलेला गतिरोधक रात्री चालकाला दिसतच नाही.

तरीही मी गतिरोधकांच्या विरोधात नाही, कारण वेगाने होणाऱ्या अपघातातली माणसेही आम्हीच उचलतो. माझी विनंती वेगळी आहे. कोणत्या रस्त्यांवर अजिबात आडवे काही घालायचे नाही, हे आधी ठरवावे. दवाखान्याकडे आणि अग्निशमन केंद्राकडे जाणारे रस्ते त्यात धरावेत. आतल्या गल्ल्यांत हवे ते करा. ‘प्रत्येक घरासमोर एक’ असे झाले, की मोठी आणि लहान वाट असा फरकच राहत नाही. आणि बेदाणा, दहा सेंटिमीटरला कोण विचारतो असे आपण लिहिले आहे. मापाच्या उंचवट्यावरून ताशी ५० ने एकदा जाऊन पाहा, मग आपणच सांगाल.

कोपऱ्यावरचे दुकान

दुकानदाराची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. माझे किराणा दुकान अशाच एका गल्लीच्या तोंडाशी आहे. रस्ता अरुंद करण्याची भाषा निघाली, की पहिला बळी पार्किंगचा जातो आणि दुसरा आमच्या धंद्याचा, अशी आमची समजूत होती. मागच्या वर्षी आमच्या कोपऱ्यावर पदपथाचे काम निघाले, तेव्हा मीच पुढाकार घेऊन विरोध केला.

काम तरीही झाले. पूर्वी आमचा कोपरा इतका मोकळा आणि गोलाईदार होता की मुख्य रस्त्यावरून वळणारी मोटार ब्रेकला पाय न लावता आत शिरत असे. कोपऱ्याची गोलाई कमी करून पदपथ पुढे आणल्यावर तिला जवळजवळ काटकोनात वळावे लागते आणि वेग आपोआप पडतो. तेथे आडवा उंचवटा एकही नाही. रस्ता ओलांडायचे अंतरही कमी झाले, त्यामुळे पलीकडच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या बायका आता स्वतः दुकानात येतात; पूर्वी फोन करून पोरगा पाठवा म्हणायच्या. माझी नुकसानी झालीच नाही असे नाही. दुकानासमोर दोन मोटारी लागायच्या, त्या आता लागत नाहीत आणि टेम्पोतून माल उतरवताना रोज कोणाशी तरी वाद होतो. सकाळी नऊपर्यंत माल उतरवायला जागा राखून दिली असती, तर मी विरोध केलाच नसता. ज्यांचे पोट त्या कोपऱ्यावर आहे त्यांना नकाशा काढण्याआधी विचारायला काय हरकत आहे?

सातारी

सांगली सपाट आहे, आमच्याकडे साताऱ्यात प्रश्नाला उतार आहे. शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले असल्याने बऱ्याच पेठांतले रस्ते किल्ल्याच्या बाजूने खाली उतरत येतात. तेथे वाहनाला वेग द्यावा लागत नाही, तो उतारच देतो. लोक गतिरोधक घालतात तो अपघात झाला त्या जागी, म्हणजे बहुधा उताराच्या तळाशी. वरून येणारी दुचाकी तोवर पूर्ण वेगात असते, चालकाला अचानक उंचवटा दिसतो, तो पुढचा ब्रेक दाबतो आणि पावसाने वाहून आलेल्या बारीक खडीवर चाक घसरते. त्यापेक्षा वेग धरण्याआधीच, उताराच्या माथ्याशी, त्याला अडवणे शहाणपणाचे आहे, हे आम्हाला तीन-चार जण पडल्यावर समजले.

ऑगस्ट ते ऑक्टोबर या कास पठारावरच्या फुलांच्या हंगामात तर शनिवार-रविवार सकाळी परगावच्या मोटारी मोबाईलवरच्या नकाशाचे ऐकून ज्या गल्लीत शिरतात, त्या गल्लीतून दुसरी मोटार कधी गेलेली नसते. त्या चालकाचा आपल्या वस्तीशी काही संबंध नसतो, त्याला फक्त लवकर पोचायचे असते. त्याला ‘हळू जा, मुले खेळतात’ या पाटीने काही फरक पडत नाही. रस्ताच असा हवा की त्याला जोरात जाण्याची इच्छा होऊ नये, किंवा आरपार जाण्याची सोयच नसावी. गल्लीच्या एका टोकाला चालणाऱ्यांना आणि सायकलींना वाट ठेवून मोटारींसाठी ती बंद केली, की नकाशा ती गल्ली दाखवणेच सोडून देतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात १९७०च्या आसपास निवासी गल्ल्यांमध्ये झाडे, वळणे आणि बाक आणून ठेवले आणि मोटारीला पाहुण्यासारखे वागायला लावले. १९७६ मध्ये त्या देशाने अशा गल्ल्यांना कायद्यात वेगळे स्थान दिले. आपल्याकडे बाक ठेवला तर त्यावर कोण बसेल यावरून भांडण होईल, ते निराळे.

निवृत्त उपअभियंता

सातारीकरांनी मुद्द्याला हात घातला. वेगमर्यादेचे उदाहरण घ्या. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका व नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना कमाल ७० आणि दुचाकींना ६० किलोमीटरची मर्यादा आहे. राज्याला आणि स्थानिक यंत्रणेला ती आणखी खाली आणता येते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जेथे चालणारी माणसे आणि वाहने वारंवार एकत्र येतात तेथे ताशी ३० हीच कमाल मर्यादा असावी, असे म्हटले. हा ३० चा आकडा कोठून येतो ते कागदावर मांडून पाहता येते. ताशी ५० ने जाणारी मोटार सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे जाते, आणि अचानक काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला एक सेकंद तरी लागतो. ताशी ३० ने जाणारी मोटार त्या एका सेकंदात सव्वाआठ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर पुढच्या पाच-एक मीटरमध्ये थांबते. हिशेब करा: ३० ची मोटार जेथे पूर्ण थांबते, तेथे ५० च्या मोटारीचा ब्रेक नुकताच लागू झालेला असतो. मधे चेंडूमागे धावणारे मूल असेल, तर एका मोटारीतला चालक त्याला रागावेल आणि दुसऱ्यातला पूर्ण वेगाने धडकेल.

पण ३० ची पाटी लावून रस्ता ६० चा ठेवला, तर चालक रस्त्याचे ऐकतो. आपल्या वसाहतीतली गल्ली आखणीत ९ किंवा १२ मीटरची असते. भिंतीपासून भिंतीपर्यंत डांबर केले, की सरळ, रुंद, मोकळी पट्टी तयार होते आणि चालकाला ती धावपट्टीसारखी वाटते. मोटारीला जायला तीन मीटरही पुरतात. उरलेली जागा पदपथाला द्यावी. पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि १५ सेंटिमीटरहून अधिक उंच नसलेली कड. त्याहून उंच पदपथावर आजी चढू शकत नाहीत, मग त्या रस्त्यावरूनच चालतात. पार्किंग एका टप्प्यात डाव्या बाजूला आणि पुढच्या टप्प्यात उजव्या बाजूला दिले, तर उभ्या मोटारींमुळेच रस्ता नागमोडी होतो. या उपायाला रंगाचा डबा आणि चार फलक एवढाच खर्च येतो. शाळेसमोर गतिरोधक आणि झेब्रा पट्टे वेगवेगळे न करता, पदपथाच्या उंचीचा सपाट माथ्याचा ओटा करून त्यावरच पट्टे मारावेत. मग मुले रस्त्यावर उतरत नाहीत, मोटार त्यांच्या पातळीवर चढते.

कायद्याचेही सांगून ठेवतो. सार्वजनिक रस्त्यावर स्वतः अडथळा घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा ठरू शकतो आणि दंड ५ हजार रुपयांपर्यंत आहे. दुसऱ्या बाजूला, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९८अ नुसार रस्ता बांधणाऱ्याने आणि देखभाल करणाऱ्याने ठरलेल्या मानकांप्रमाणे काम केले नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर त्यालाही १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून अर्ज करताना ‘गतिरोधक हवा’ असे लिहू नका. ‘या रस्त्यावर वेग इतका आहे, तो ३० वर आणण्यासाठी मार्गदर्शिकेप्रमाणे उपाययोजना करावी’ असे लिहा आणि प्रत वाहतूक शाखेला व जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही द्या. उपाय काय हे लिहून दिलेत, तर चर्चा उपायावरच अडकते.

उसाची ट्रॉली

शहरी मंडळींना आठवण म्हणून. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री रस्ता चुकून तुमच्या वसाहतीत शिरला, तर तुमच्या नागमोडी पार्किंगमधून तो निघणार नाही आणि मागेही येणार नाही. एकदा पहाटेपर्यंत अडकलो होतो, लोकांनी चहा दिला म्हणून निभावले. तेव्हा तोंडाशीच अवजड वाहनांना मनाईचा फलक, आमच्या दिव्याला दिसेल इतका मोठा, लावावा. आणि गणपतीच्या मिरवणुकीचे ट्रॅक्टर कोणत्या गल्लीतून जातात ते आधी मंडळांना विचारावे, नाहीतर भाद्रपदात तुमच्या झाडांच्या कुंड्या पहिल्या उचलल्या जातील.

बेदाणा

काल रात्री एका मापाच्या गतिरोधकावरून जरा जोरात जाऊन पाहिले. मिरजेहून लिहिणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे मान्य. पाठ अजून दुखते आहे. तरीही दंड झाला पाहिजे, या मतावर मी ठाम आहे.

चौथी गल्ली

सर्वांचे आभार. रविवारी गल्लीची बैठक झाली आणि या धाग्यातले बरेचसे तेथे वाचून दाखवले. गतिरोधक काढावा यावर एकमत झाले. आजी फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि हात वर करणाऱ्यांत त्याही होत्या. पुढच्या गोष्टींवर मात्र एकमत झालेले नाही. गल्लीचे एक टोक मोटारींसाठी बंद करण्याची कल्पना ज्यांची घरे त्याच टोकाला आहेत त्यांना आवडली नाही, कारण त्यांना रोज वळसा पडेल. पार्किंग आलटून-पालटून करण्याला बहुतेकांची तयारी आहे, पण ‘माझ्या फाटकासमोर नको’ असे प्रत्येकाने वेगवेगळ्या शब्दांत सांगितले.

म्हणून आधी वेग मोजायचे ठरले. दोन विजेच्या खांबांजवळ फक्कीने रेघा मारून मधे बरोबर ५० मीटर अंतर घ्यायचे आणि मोबाईलवरच्या घड्याळाने वाहनाला लागणारा वेळ टिपायचा. ६ सेकंद लागले तर वेग ३० आहे आणि ३.६ सेकंद लागले तर ५०. एकाने रेघ ओलांडताच हात खाली करायचा, दुसऱ्याने बटण दाबायचे. परवा सकाळी साडेसहापासून दुपारपर्यंत तालीम म्हणून घरासमोर बसून अंदाजाने मोजले, तेव्हा लक्षात आले की शाळेच्या गर्दीच्या वेळी वाहने आपोआप हळू असतात आणि खरा सुसाटपणा पहाटे व दुपारी दोन ते चार या निवांत वेळेत असतो. आजी पडल्या तीही पहाटेच. त्यामुळे तिन्ही वेळा निरनिराळ्या मोजायच्या आहेत आणि त्याच कागदासह अर्ज द्यायचा आहे.

रेघा मारून झाल्यावर त्याच फक्कीने पार्किंगचे टप्पे आणि पुढे आणलेला कोपरा रस्त्यावर आखून आठवडाभर पाहायचे, अशी उपअभियंता साहेबांची सूचना आहे. पाऊस पडला तर पुसले जाईल, म्हणजे कोणाचे नुकसान नाही. येत्या रविवारी सकाळी सहाला जमायचे आहे. माणसे आणि फक्की आहेत. ५० मीटरचा टेप कोणाकडे असेल तर कृपया आणावा.

कोपऱ्यावरचे दुकान

टेप माझ्याकडे आहे, दुकान बांधतानाचा. त्याचे पहिले दोन मीटर तुटलेले आहेत, त्यामुळे दोनच्या आकड्यावर शून्य धरून शेवटी ५० पर्यंत जे भरेल ते ४८ समजावे लागेल आणि उरलेले दोन मीटर पुन्हा मोजावे लागतील. चालत असेल तर शनिवारी रात्री दुकान बंद करताना आणून देतो.